‘व्यापार’चा पट: पावणेतीनशे रुपयांत मुले पैशाविषयी काय शिकतात

अकरावी-बारावीच्या वाणिज्य शाखेला पुस्तपालन शिकवून मला बावीस वर्षे झाली. या काळात एक गोष्ट दरवर्षी नव्याने जाणवत आली आहे. रोजकीर्द (व्यवहारांची रोजची नोंदवही) बिनचूक लिहिणारा आणि तेरीज (सर्व खात्यांच्या शिलकांचा गोषवारा) जुळवून दाखवणारा विद्यार्थी आपल्या घरी महिन्याला वीजबिल किती येते, आईवडिलांनी घेतलेल्या कर्जाचा हप्ता किती आहे, कोपऱ्यावरचा वडेवाला दिवसाला अंदाजे किती माल खपवत असेल, या प्रश्नांसमोर गप्प होतो. हल्ली पालकही हा प्रश्न घेऊन येतात. मुलाला लहान वयातच पैसा आणि व्यवसाय कळावा म्हणून कोणता वर्ग लावावा, कोणते ॲप घ्यावे, सुट्टीतल्या शिबिराची काही हजारांची फी भरावी का, असे ते विचारतात. मला त्यांना ऐकीव उत्तर द्यायचे नव्हते. म्हणून या मे महिन्याच्या सुट्टीत मी आपल्या सर्वांच्या ओळखीची एक वस्तू दुकानातून नव्याने विकत आणली आणि तीन रविवार ती मुलांबरोबर नीट तपासली. ती वस्तू म्हणजे ‘व्यापार’ किंवा ‘बिझनेस’ या नावाने मिळणारा, फासे टाकून शहरे विकत घेण्याचा पट.

हा पट आपल्याकडे अनेक उत्पादक काढतात. शहरांची नावे, भाव आणि नियम यांत संचागणिक थोडा फरक असतो. त्यामुळे पुढे दिलेले आकडे माझ्या हाती आलेल्या संचातले आहेत, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. मिरजेत खेळण्यांच्या दुकानात मला तो पावणेतीनशे रुपयांना मिळाला. खेळायला घरात सहा मुले होती: माझी दोन भाचरे, दिरांची मुलगी, शेजारच्या काकूंचा नातू आणि त्याचे दोन मित्र. सर्वांत धाकटा अकरा वर्षांचा आणि सर्वांत मोठी पंधराची.

आधी वस्तूविषयी. पुठ्ठ्याचा पट मधोमध दुमडतो आणि दुसऱ्या रविवारीच घडीवरचा कागद सोलवटू लागला. नोटा इतक्या पातळ आहेत की पाचशेच्या आणि शंभराच्या नोटा घामेजल्या बोटांना चिकटून दोन-दोन जातात. प्लास्टिकची घरे आणि हॉटेले मात्र ठीक आहेत, फासेही नीट पडतात. सोबतचे नियमपत्रक इंग्रजी आणि हिंदीत आहे, मराठीत नाही. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या आणि मराठी शाळांतल्या मुलांच्या हाती जाणाऱ्या वस्तूबाबत ही उणीव मला खटकते. त्यातही गहाणाचा नियम असा संदिग्ध छापला आहे की पहिल्या दिवशी पाऊण तास वादात गेला. शेवटी मी गहाणाचे नियम मराठीत एका पानावर लिहून झाकणाच्या आत चिकटवले. ज्यांच्या घरी असा पट आहे त्यांनी हे पहिल्याच दिवशी करावे.

आता तो शिकवतो काय, याकडे येते. त्याची सर्वांत मोठी ताकद अशी की मालमत्ता आणि हाती असलेली रोकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तो तासाभरात अंगात भिनवतो. वर्गात हे समजावताना माझे दोन तास जातात आणि तरी काही चेहरे कोरेच राहतात. पहिल्या डावात माझ्या बारा वर्षांच्या भाच्याने जिथे सोंगटी पडेल ते शहर घ्यायचा सपाटा लावला. तिसऱ्या फेरीअखेर त्याच्यासमोर शहरांच्या मालकीपत्रांची भली मोठी रांग होती आणि हातात सातशे रुपये होते. तेवढ्यात त्याची सोंगटी बहिणीच्या दिल्लीवर गेली. भाडे द्यायला पैसे नव्हते. त्याने आधी एक शहर गहाण टाकले, मग दुसरे. मग ज्या शहरासाठी तो दहा मिनिटांपूर्वी कोणाशीही सौदा करायला तयार नव्हता, ते निम्म्या भावात विकले. शहरे तीच होती, पटावरचे त्यांचे भावही तेच होते. त्याची गरज मात्र सर्वांना दिसत होती आणि समोरची सर्वांत शांत बसलेली मुलगी वाट पाहत होती. “मावशी, माझ्याकडे एवढं सगळं होतं, मग मी बुडालो कसा?” हा प्रश्न त्याने डोळ्यांत पाणी आणून विचारला. पुस्तपालनाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा तो प्रश्न मोलाचा आहे, असे मी मनापासून मानते. चांगल्या चाललेल्या कितीतरी धंद्यांवर याच कारणाने कुलूप लागते: सारे पैसे मालात आणि जागेत अडकलेले असतात आणि पगाराच्या दिवशी गल्ल्यात काही नसते.

दुसऱ्या रविवारी मी प्रत्येकाच्या हातात शंभर पानी वही दिली आणि एकच अट घातली, की प्रत्येक व्यवहार त्यात जमा-नावे लिहिल्याशिवाय फासे पुढे द्यायचे नाहीत. खेळाचा वेग निम्म्यावर आला आणि पहिला अर्धा तास मुलांनी कुरकुर केली. पण त्या वहीतून जे निघाले ते पटावर कुठेही छापलेले नाही. माझ्या संचात मुंबई ८,५०० रुपयांना आहे आणि मोकळ्या जागेचे भाडे १,२०० आहे. इंदूर १,५०० ला आहे आणि भाडे २०० आहे. जयपूर ३,००० ला आणि भाडे २५०. मुंबई हाती आली की मुले जग जिंकल्यासारखी ओरडतात आणि इंदूरकडे कोणी ढुंकून पाहत नाही. पंधरा वर्षांच्या मुलीने मात्र वहीत भागाकार केला. मुंबईचे भाडे सात वेळा मिळाले तर ८,४०० होतात, म्हणजे मुद्दल सुटायला शंभर कमी. इंदूरचे सात वेळा मिळाले तर १,४००, इथेही शंभरच कमी. दोन्ही शहरे आठव्या खेपेला फायद्यात येतात. जयपूरला मात्र नुसते मुद्दल परत यायलाच बारा खेपा लागतात. भारी दिसणारी वस्तू आणि किफायतशीर वस्तू एकच असेल असे नाही, हे तिला कोणी सांगितले नव्हते. तिसऱ्या रविवारपासून जयपूर घ्यायला कोणी तयार होईना आणि इंदूरसाठी चढाओढ लागली.

त्याच वह्यांमधून महागाईही हाती लागली. ‘स्टार्ट’ ओलांडला की दर फेरीला बँक प्रत्येकाला १,५०० रुपये देते. शहरे तेवढीच राहतात, मुलांच्या हातातला पैसा मात्र फेरीगणिक वाढत जातो. पहिल्या तासात दार्जिलिंग छापील २,५०० रुपयांनाही कोणाला नको होते. तेच शहर शेवटच्या तासात मुलांच्या आपसातल्या सौद्यात ६,००० ला गेले. शहर तेच असताना भाव का वाढला, यावर सहा मुलांनी वीस मिनिटे वाद घातला आणि सर्वांत धाकट्याने सांगितले, “सगळ्यांकडेच पैसे जास्त झालेत.” अर्थशास्त्राच्या प्राध्यापकानेही याहून वेगळी सुरुवात केली नसती.

येथवर मी समाधानी आहे. ‘चान्स’ आणि ‘कम्युनिटी चेस्ट’ या घरांविषयी मात्र तसे म्हणता येत नाही. या घरांवर सोंगटी आली की फाशांच्या बेरजेनुसार पटाच्या मध्यभागी छापलेला लाभ किंवा हानी पदरी पडते. लॉटरी लागते, शेअर बाजारात तोटा होतो, गोदामाला आग लागते, विम्याचा हप्ता भरावा लागतो. यातली शेवटची जोडी पाहून मी थबकले. एका चौकटीत विम्याचा हप्ता भरायचा आणि दुसऱ्या चौकटीत आगीचे नुकसान सोसायचे, आणि दोहोंचा एकमेकांशी काहीही संबंध नाही! ज्याने हप्ता भरला त्याचेही गोदाम जळते आणि त्याला भरपाई मिळत नाही. मुलाच्या मनात यातून काय उरते? विमा म्हणजे दंडासारखे उगाच जाणारे पैसे, एवढेच. मोठेपणी पन्नाशीपर्यंत आरोग्यविमा न काढणारी आणि ‘विमा परत किती देतो’ याच एका निकषावर पॉलिसी घेणारी माणसे मी आजूबाजूला पाहते, तेव्हा ही चूक मला किरकोळ वाटत नाही.

आम्ही नियम बदलला. एका मुलाला विमावाला केले. दर फेरीला ज्याला हवे त्याने त्याच्याकडे ३०० रुपये भरावेत, आणि त्या फेरीत त्याच्या गोदामाला आग लागली तर ३,००० रुपयांची भरपाई विमावाल्याने द्यावी. माझ्या संचात आग आठच्या बेरजेवर आहे. दोन फाशांच्या छत्तीस शक्यतांपैकी पाचांत आठ येतात, हे नुकतीच नववी संपवलेल्या मुलीने मोकळ्या पानावर मांडून दाखवले. दोन डावांनंतर विमावाला इतका श्रीमंत झाला की इतरांनी हप्ता भरणेच सोडले. मग त्याने आपण होऊन हप्ता १५० वर आणला आणि ग्राहक परत आले. हप्ता कसा ठरतो, तो फार चढा ठेवला तर काय होते आणि फार उतरवला तर विमावालाच कसा बुडेल, हे त्या दुपारी सर्वांना कळले. हा बदल खेळात आपण घरी करू शकतो आणि त्याला एक पैसा लागत नाही.

लॉटरीच्या बाबतीत मी अधिक कठोर झाले आणि तो लाभ काढूनच टाकला. माझ्याकडे शिकून गेलेली मुले भ्रमणध्वनीवर फ्यूचर्स आणि ऑप्शन्सचे, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर पैज लावण्यासारखे, सौदे करताना मी पाहते. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत अशा सौद्यांत उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाल्याचे आणि एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर गेल्याचे नमूद आहे. अशा काळात फासे टाकले आणि पैसे आले, हा अनुभव मुलांना गमतीतही वारंवार द्यावा असे मला वाटत नाही.

या पटाविषयीचा माझा मुख्य आक्षेप मात्र याहून मोठा आहे आणि तो त्याच्या नावापासूनच सुरू होतो. ‘व्यापार’ म्हणवणाऱ्या या खेळात व्यापार नाही. कोणी काही पिकवत नाही, बनवत नाही, घाऊक आणून किरकोळ विकत नाही. गिऱ्हाईक नावाचा माणूस पटावर कुठेच नाही. जो येतो तो फाशाच्या दानाने नाइलाजाने येतो आणि भाडे देऊन जातो. तुमची सेवा चांगली होती म्हणून तो पुन्हा येत नाही आणि वाईट होती म्हणून टाळूही शकत नाही. इथली सारी कमाई जागा अडवून बसण्याची आहे. पटाच्या तीन रविवारांत मुले भाडे, गहाण, रोकड आणि सौदा शिकली. ग्राहक, गुणवत्ता, मेहनत आणि उधारी यांच्याविषयी ती काहीही शिकली नाहीत.

याचे मूळ खेळाच्या इतिहासात आहे आणि तो इतिहास पालकांना ठाऊक असावा म्हणून थोडा सांगते. आपला ‘व्यापार’ अमेरिकेतल्या ‘मोनोपॉली’च्या धर्तीवर बेतलेला आहे. मोनोपॉलीच्या मुळाशी एलिझाबेथ मॅगी या बाईंनी तयार केलेला ‘लँडलॉर्ड्‌स गेम’, म्हणजे जमीनमालकाचा खेळ, आहे. त्याचे अमेरिकन पेटंट त्यांना जानेवारी १९०४ मध्ये मिळाले. मॅगीबाई हेन्री जॉर्ज या अर्थचिंतकाच्या अनुयायी होत्या. जमिनीच्या भाड्यातून मालक काही न करता श्रीमंत होत जातो आणि कष्टकरी कंगाल होतो, म्हणून कर जमिनीच्या मूल्यावर बसवावा, असे जॉर्ज यांचे म्हणणे होते. लोकांना हा अन्याय खेळता खेळता उमगावा, यासाठी बाईंनी तो पट काढला होता. पुढे तो घरोघरी हाताने नकलून खेळला जात राहिला. महामंदीच्या दिवसांत चार्ल्स डॅरो यांनी त्याचे एक रूप स्वतःचे म्हणून विकले आणि १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्स या कंपनीने ते बाजारात आणले. कंपनीने मॅगीबाईंचे पेटंटही त्याच वर्षी ५०० डॉलरना विकत घेतले. विक्रीतला वाटा त्यांना मिळाला नाही. मक्तेदारीचे दुष्परिणाम दाखवण्यासाठी जन्मलेला खेळ अशा रीतीने मक्तेदारीचा सराव करून घेणारा खेळ झाला.

मी ही हकिगत मुलांना तिसऱ्या रविवारी सांगितली. त्यानंतरच्या डावात आम्ही एक फेरफार करून पाहिला: मोकळ्या जागेचे भाडे मालकाला न देता मधल्या डब्यात टाकायचे आणि दर फेरीअखेर सर्वांत समान वाटायचे. घर किंवा हॉटेल बांधले असेल तर त्यावरचे जादा भाडे मात्र मालकाचे. अडीच तास झाले तरी कोणी बुडाले नाही आणि बांधकाम आधीपेक्षा कितीतरी जास्त झाले. मोठ्या मुलांना तो डाव फार आवडला. अकरा वर्षांच्या मुलाला तो कंटाळवाणा वाटला, कारण कोणी हरतच नव्हते.

पटावरच्या बँकेविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण हा विषय माझ्या घरच्या जखमेशी जोडलेला आहे. खेळातली बँक कधी बुडत नाही. नोटा संपल्या तर कागदावर आकडा लिहून द्यावा, असे नियमच सांगतो. माझ्या आईने शिवणकामातून साठवलेले ऐंशी हजार रुपये आमच्या भागातल्या एका पतसंस्थेत, दीड टक्का व्याज जास्त मिळते म्हणून ठेवले होते. संस्था अडचणीत आली आणि आईला त्यातले थोडेच पैसे, तेही सात वर्षांनी, परत मिळाले. ठेव विम्याचे संरक्षण बँकांना असते, सहकारी बँकांनाही असते आणि फेब्रुवारी २०२० पासून ते प्रत्येक ठेवीदाराला एका बँकेत पाच लाख रुपयांपर्यंत आहे. पतसंस्थेला ते नसते. हा फरक आईला कोणी सांगितला नव्हता आणि वाणिज्य शिकवणाऱ्या मुलीनेही वेळेवर विचारले नव्हते. म्हणून मी सहाही मुलांना पटावरच्या बँकेबरोबर खऱ्या बँकेत नेले. दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला स्वतःच्या सहीने बचत खाते चालवता येते. रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्येच बँकांना तशी मुभा दिली आणि २०२५ मध्ये सुधारित सूचना काढल्या. पोस्टातही दहा वर्षांवरील मूल स्वतःच्या नावाने बचत खाते उघडू शकते आणि त्याला किमान ५०० रुपये लागतात. सहापैकी चौघांची खाती आता आहेत. पैसे भरण्याची पावती स्वतःच्या अक्षरात भरताना रकमेचा अक्षरी आकडा कुठे लिहायचा, यावर तिथे जी चर्चा झाली ती कुठल्याही ॲपवर झाली नसती.

पटावर गिऱ्हाईक नाही, ही उणीव भरून काढायला चौथ्या रविवारी आम्ही पट गुंडाळून ठेवला आणि सोसायटीच्या फाटकाशी लिंबू सरबताचे टेबल मांडले. सकाळी दहापासून दुपारी दोनपर्यंत सहाही मुले उभी होती. हिशेब त्यांच्याच वहीतून उतरवते. चोवीस लिंबे सहा रुपयांप्रमाणे १४४, दीड किलो साखर ६६, बर्फ ४०, कागदी पेले ५०. एकूण ३००. चाळीस पेल्यांचे सरबत केले आणि पंधरा रुपये पेला या भावाने तेहतीस पेले गेले, म्हणजे विक्री ४९५ रुपयांची. मुलांनी १९५ रुपये नफा मोठ्या अक्षरात लिहिला आणि नाचायला सुरुवात केली. मी डबा उघडून पैसे मोजायला सांगितले. डब्यात ४२० रुपये होते. भांडवलाचे ३०० वजा करता उरले १२०.

उरलेले पंचाहत्तर कुठे गेले, हे शोधताना जे घडले त्यासाठीच मी हा उपक्रम केला होता. पाच पेले उधारीवर गेले होते. “सुटे नाहीत, संध्याकाळी देतो” असे म्हणून दोन काका गेले होते, आणि तीन पेले एकाच दादाने आपल्या मित्रांसाठी नेले होते. नावे कोणी लिहिली नव्हती, प्रत्येकाला वाटले दुसऱ्याने लिहिली असतील. मग घरातून आणलेले जिरे, मीठ, वेलची आणि पाक करायला जळालेला गॅस यांचा प्रश्न आला. आम्ही सर्वांनी मिळून त्याचे पंचेचाळीस रुपये धरले आणि कागदावरचा नफा १५० वर आला. सहा मुले, चार तास, म्हणजे चोवीस तासांची मेहनत. तासाला सव्वासहा रुपये. हा आकडा वहीत लिहिल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. नंतर धाकट्याने विचारले, की गेटवरचा वॉचमन रात्रभर बसतो त्याला तासाला किती मिळतात. मुलांचा हा एक प्रश्न मला त्या सगळ्या सुट्टीतला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

न खपलेले सात पेले मुलांनी टेबल आवरताना पिऊन टाकले होते. पुस्तपालनात मालकाने धंद्यातला माल स्वतःसाठी वापरला तर त्याला ‘उचल’ म्हणतात आणि ती मालकाच्या नावे लिहावी लागते. अकरावीत हा शब्द पाठ करायला मुलांना आठवडा लागतो. या सहा मुलांनी तो एकदाच ऐकला आणि सात पेल्यांची नोंद कोणाच्या नावे किती करायची यावर लगेच भांडणही केले.

यात नवे काही नाही, हे मला मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. स्काऊट-गाईडची मुले ‘खरी कमाई’च्या उपक्रमात कामे करून पैसे मिळवत आली आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळांतून भरणाऱ्या बाल आनंद मेळाव्यात आणि आठवडे बाजारात चौथीची मुलगी मेथीच्या जुड्या मांडून बसते आणि शिक्षकांशी भावावरून घासाघीस करते. बालभारतीच्या नववी आणि दहावीच्या गणितात ‘अर्थनियोजन’ नावाचे प्रकरण आहे. बचत, प्राप्तिकर, वस्तू व सेवा कर आणि शेअर्स त्यात येतात. साधने आपल्याकडे आहेत. मेळाव्यातल्या मुलीची वही दुसऱ्या दिवशी वर्गात उघडली जात नाही आणि ‘अर्थनियोजन’ शिकताना तिच्या मेथीच्या जुड्यांची आठवण कोणी काढत नाही, एवढीच माझी तक्रार आहे.

तेव्हा पट घ्यावा का, याचे माझे उत्तर होकारार्थी आहे. पावणेतीनशे रुपयांत एवढे बोलायला लावणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही, आणि पाच हजारांचे शिबिर लावण्याआधी पालकांनी हा पट आणि सहा वह्या घेऊन पाहाव्यात. मात्र मुलांच्या हाती डबा देऊन आत टीव्ही पाहायला जायचे असेल तर घेऊ नये. मोठ्या माणसाशिवाय हा खेळ मुलांना एकमेकांना बुडवण्याचा आनंद देतो आणि फारसे काही शिकवत नाही. चार ते सहा मुले असावीत, दोघांत तो रंगत नाही. वय अकराच्या पुढे असावे. वहीसह एक डाव तीन तास घेतो, म्हणून वेळ आधीच ठरवून घ्यावी आणि वेळ संपली की रोकड, शहरांची खरेदीकिंमत आणि घरांचा खर्च यांची बेरीज करून ताळेबंद मांडावा. ज्याची बेरीज मोठी तो विजयी. कोणाला तरी दिवाळखोर करूनच खेळ संपवायचा, हा मूळचा नियम पाळण्याची काहीच गरज नाही. विकत घेताना दुकानातच डबा उघडून नोटांचा कागद आणि पटाची घडी पाहावी. शंभर रुपये जास्त मोजून जाड पुठ्ठ्याचा संच मिळत असेल तर तोच घ्यावा.

मुलांनी पुढच्या रविवारी आपापसांत ठरवून सरबताचे टेबल मैदानापाशी हलवले, लिंबे मार्केट यार्डातून आणली आणि टेबलावर तिघेच उभे राहिले. उधारीची एक वेगळी वही घातली असून त्यात पहिल्या पानावर जुने पंचाहत्तर रुपये मांडले आहेत. दोन्ही काकांनी तीस रुपये आणून दिले, त्यांच्या नावापुढे बरोबरची खूण आहे. तीन पेले नेणाऱ्या दादाकडे पंचेचाळीस रुपये मागायला कोणी जायचे, याचा निर्णय अजून व्हायचा आहे.